रानपिंगळा आणि संशोधनाचे शिक्षण
धारणी ज्या मेळघाटात वसले आहे, तेथील सागवनांत रानपिंगळा राहतो. तरीही १८८४ नंतर ११३ वर्षे तो पक्षितज्ज्ञांना सापडला नव्हता. माइनर्टझहागेन यांच्या संग्रहातील एका कातडीवर १९१४ साल आणि गुजरातेतील मांडवी असा उल्लेख होता; त्याने शोधकांची दिशाभूल केली. ती कातडी वस्तुतः जुनी, चोरलेली व तिची चिठ्ठी बनावट, हे पामेला रॅसमुसेन यांनी नमुना तपासून जाणले. अस्सल नोंदींच्या मागाने गेल्यावर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी दिसला. पुढे मेळघाटातही आढळला. जीवशास्त्राच्या पीएच.डी.च्या शिक्षणात संदर्भ देण्याचा जेवढा आग्रह धरला जातो, तेवढा मूळ नमुना पारखण्याचा धरला जात नाही. अवतरणांच्या संख्येने पुराव्याचे बळ वाढत नाही. मार्गदर्शनाची खरी कसोटी येथेच आहे.