लक्षणसमुच्चय आणि आलेखाची दोन शिखरे

मनोविकारांचे वर्गीकरण संख्याशास्त्राच्या आधारे करू पाहणाऱ्या संशोधनात कार्नी, रॉथ व गार्साइड यांचा न्यूकॅसल येथील 1965 सालचा निबंध आजही वाचण्याजोगा आहे. मात्र त्यातील निष्कर्षापेक्षा, तो कशाच्या बळावर काढला हे पाहण्यासाठी.

विद्युत्-उपचार घेणाऱ्या 129 विषादग्रस्त रुग्णांची लक्षणे नोंदवून या संशोधकांनी लक्षणांना भार दिले व प्रत्येकाचा एकूण गुणांक काढला. गुणांकांच्या आलेखाला दोन शिखरे आली. त्यावरून अंतर्जात विषाद आणि चेताविकृतिजन्य विषाद हे दोन भिन्न विकार होत, असे त्यांनी प्रतिपादिले. हा वाद केवळ नावांचा नव्हता. विद्युत्-उपचाराचा गुण कोणाला येईल, याचे भाकीत त्याच्याशी निगडित होते.

प्रश्न त्यांनी योग्य रीतीने मांडला होता, हे मान्य केले पाहिजे. कोणती लक्षणे एकमेकांबरोबर कमीअधिक होतात, एवढेच घटक-विश्लेषणाने कळते. रुग्णांचे गट पडतात की नाही, याविषयी ते मौन बाळगते. उंची व वजन यांत सहसंबंध असतो, म्हणून माणसांच्या दोन जाती ठरत नाहीत. त्यासाठी गुणांकांचे वितरणच पाहावे लागते.

परंतु 1968 मध्ये केंडेल यांनी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील हजाराहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शिखर एकच आले. मग न्यूकॅसलचे दुसरे शिखर आले कोठून? ज्या चिकित्सकाची दोन विकारांवर श्रद्धा आहे, तो आधी मनाशी निदान ठरवितो व मग लक्षणे पाहतो. पहाटेची जाग त्याला एका रुग्णात ठळक दिसते, दुसऱ्यात दिसत नाही. गणित निर्दोष असूनही आलेखात पूर्वग्रह उमटतो. केंडेल यांनी उपस्थित केलेली ही शंका मला त्यांच्या आलेखाहूनही वजनदार वाटते.

कारण तो आलेखही निर्णायक नाही. समान संख्येच्या व समान विस्ताराच्या दोन प्रसामान्य गटांच्या सरासरींत दोन प्रमाण-विचलनांहून अधिक अंतर नसेल, तर त्यांच्या मिश्रणालाही एकच शिखर येते. शिवाय मॉड्स्लीच्या नोंदी अनेक हातांनी भरलेल्या; असल्या नोंदींतील प्रमाद दोन शिखरांमधील दरी सहज बुजवून टाकतात.

आज सुप्त-वर्ग विश्लेषण संगणकावर काही क्षणांत होते आणि सांगावे तितके वर्ग पाडून मिळतात. लक्षणे कोणी नोंदविली, आणि नोंदविताना त्याला निदान ठाऊक होते काय, हा तपशील मात्र पुष्कळदा प्रबंधाच्या परिशिष्टातही सापडत नाही.