रोवण्याआधी वाचलेल्या दोन कादंबऱ्या

यंदा रोवण्याआधी दोन कादंबऱ्या वाचल्या, निव्वळ हौसेनं. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, अन् विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’.

‘बारोमास’ बुलडाण्याकडची, कोरडवाहू शेतीची. आमच्या इकडं धानाच्या बांध्या, तरी एकनाथ ओळखीचा निघाला. एवढा शिकला, नोकरी नाही, म्हणून पुन्हा मातीत. घरातली भांडणं देशमुख अशी लिहितात, की चुकलं कोणाचं ते ठरवता येत नाही. अलकेचा राग येते, अन् थोडं पुढं गेलं की तिचंही खरं वाटते. हे सोपं काम नाही.

दुसरी आमच्याच जंगलातली. मनोहर हेमलकशाला माडिया माणसांत राहिले, ते पानोपानी दिसते. पण नावानंच शेवट सांगून टाकला. पोरगा कुठं जाणार हे आधीच ठाऊक, म्हणून तो हसला तरी आपल्याला हसू येत नाही. मले त्याचं हसणं अजून पाहिजे होतं.

त्या पुस्तकानंतर इकडं बरंच बदललं. सूरजागडच्या डोंगरावर लोखंडाची खाण झाली. ट्रक आले, पोरांना मजुरी आली. ठाकूरदेवही तिथंच आहे. हे सारं एकाच घरात कसं नांदते, ते एकनाथच्या घरासारखं कोणी लिहिलं, तर मी मागून नाही, विकत घेऊन वाचीन.