मार न खाल्लेला मुलगा कुठून आणणार?

‘शाळेतली मारहाण आणि किशोरवयीनांचं आरोग्य’ हा विषय घेताय? मग तोंडी परीक्षेतला एक प्रश्न आत्ताच लिहून ठेवा: मार खाल्ल्यामुळे मूल खचलं आणि मागे पडलं, की मागे पडलं म्हणून मार खाल्ला?

एकदाच प्रश्नावली भरून घेतली, तर याचं उत्तर मिळत नाही. म्हणून ‘यंग लाइव्ह्ज’च्या आकडेवारीवर पोर्टेला आणि पेल्स यांनी युनिसेफसाठी २०१५ मध्ये लिहिलेला निबंध वाचा. इथिओपिया, भारत (तेव्हाचा आंध्र प्रदेश), पेरू आणि व्हिएतनाममधल्या त्याच त्या मुलांना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा भेटून ही माहिती गोळा केलेली आहे. आठव्या वर्षीचा मार आधी नोंदवला, बाराव्या वर्षीचे गुण नंतर. कोण आधी, कोण नंतर, हे पक्कं झालं. हे या कामाचं खरं बळ.

आता दुखरी जागा बघू. भारतातल्या ८ वर्षांच्या मुलांपैकी ७८ टक्के मुलांनी गेल्या आठवड्यात शिक्षकांचा मार खाल्ल्याचं सांगितलं. दुसऱ्याला मार बसताना पाहिलेली मुलं तर ९० टक्क्यांहून जास्त. मग ‘मार न खाल्लेला’ गट म्हणजे नेमका कोण? बहुतेक त्याच प्रकारच्या वर्गात बसलेला, आज आपला नंबर लागला नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकणारा. शिवाय प्रश्न फक्त एका आठवड्याचा. महिन्यापूर्वी छडी खाल्लेलं मूलही याच गटात जाऊन बसतं. दोन्ही गटांत भीती मुरलेली असेल, तर दोघांतला फरक खऱ्यापेक्षा कमीच दिसणार.

म्हणून तुमच्या तक्त्यात फरक लक्षणीय आला नाही, तर ‘मारामुळे काही बिघडत नाही’ असं लिहू नका. तसं एक वाक्य कुणीतरी छडीच्या समर्थनार्थ वापरेल, आणि ते आपल्या नावावर राहील. प्रश्नावलीत तीन गोष्टी वेगळ्या विचारा: स्वतः खाल्लेला मार, पाहिलेला मार आणि शाळेत जाताना वाटणारी भीती. जमलं तर छडी खरोखर बंद झालेल्या शाळाही नमुन्यात घ्या.

आणि एक लक्षात असू द्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. ही बंदी आपल्या निष्कर्षांवर अवलंबून नाही. मार किती खोल लागतो, हे शोधणं आपलं काम. मारावं की नाही, हा प्रश्न आता खुला नाही.