थापटणं कुणाच्या हातात?

जानेवारी 2020मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड झाल्यापासून वाद एकच : पाद्री कसा काय अध्यक्ष? आमच्या भूममध्येही त्यांच्या झग्याबद्दल बोलणारे भरपूर भेटले, पुस्तकांबद्दल बोलणारे थोडे.

गंमत म्हणजे त्या संमेलननगरीला नाव होतं संत गोरोबाकाकांचं. गोरोबा आपल्याच जिल्ह्यातल्या तेरचे. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली आहे आणि हा कुंभार एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून बघतोय, कोणतं मडकं कच्चं राहिलंय. नामदेव कच्चे निघतात. परीक्षा घेणारा कुणी आचार्य नाही, चिखलात हात घालणारा माणूस आहे.

मराठी ख्रिस्ती साहित्य वाचताना मला हेच विचारावंसं वाटतं. इथे थापटणं कुणाच्या हातात आहे? पाद्र्याच्या की साध्या भाविकाच्या?

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मांडलं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस याजकच आहे. मराठीत हा विचार जगून दाखवला तो लक्ष्मीबाई टिळकांनी, आणि तोही धर्मशास्त्राचा एक शब्द न वापरता. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली. मधली वर्षं म्हणजे ‘स्मृतिचित्रे’चा गाभा. नवऱ्याच्या कविता, प्रवचनं, युक्तिवाद सगळं हाताशी असूनही त्यांचं मन वळत नाही. त्यांचा धर्म अडतो तो पाण्यापाशी : कुणाच्या हातचं प्यायचं? आणि सुटतो तोही तिथेच, त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जात देवाने केलेली नाही, हे एकदा पटल्यावर बाकीचं सोपं होतं.

पुढे याच पुस्तकात थापटणंही त्यांच्या हाती येतं. टिळकांचं औदार्य व्यासपीठावरून थोर दिसतं. घरात उद्याची सोय नसताना तेच औदार्य कसं दिसतं, ते लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. त्या नवऱ्यावर प्रेम करतात, पण त्याला देव्हाऱ्यात बसवत नाहीत. टिळकांनाही ही दिशा कळली होती. 1917मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. 1919मध्ये ते वारले आणि तो प्रयोग अर्धाच राहिला.

तरी ‘स्मृतिचित्रे’बद्दल माझी एक तक्रार आहे. आमच्या तालुक्याला लागूनच नगर जिल्हा सुरू होतो. तिथल्या गावागावांत जे ख्रिस्ती झाले, त्यांतले बहुसंख्य महार आणि मांग समाजांतले. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ते भेटतात, पण ब्राह्मण घरातून आलेल्या बाईच्या नजरेतून. पाणी ‘कुणाच्या हातचं’ हा तिचा प्रश्न. ज्याच्या हातचं पाणी नाकारलं गेलं, त्याला ख्रिस्तात काय दिसलं? ती बाजू या पुस्तकात जवळजवळ नाही.

आता दिब्रिटोंकडे वळू. त्यांनी बायबलच्या भाषांतराला नाव दिलं ‘सुबोध बायबल’. सुबोध करणं म्हणजे वाचकाला ग्रंथ स्वतः उघडता येणं, मधल्या माणसाची गरज कमी होणं. हे काम एका पाद्र्यानेच केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठीही ते लोकांबरोबर रस्त्यावर उतरले होते. झग्यावर वाद घालणाऱ्यांनी यातलं काय वाचलं होतं?

2024मध्ये फादर गेले. त्यांचं मोजमाप पुस्तकांवरून व्हावं, आणि ते करायला कुणाला दीक्षा लागत नाही. सुरुवात मात्र ‘स्मृतिचित्रे’पासून करा. आणि तुमच्या गावातल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारी एखादी आजी असेल, तर तिला बोलतं करा. आपल्याला हवं असलेलं पुढचं पुस्तक कदाचित तिच्यापाशी आहे.