ज्ञान व्यवस्थापन आणि नवनिर्मिती : सिल्वासाच्या संदर्भात नोनाका-ताकेउची सिद्धांताची समीक्षा

प्रस्तावना :
इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांचा 'द नॉलेज-क्रिएटिंग कंपनी' (१९९५) हा ग्रंथ ज्ञान व्यवस्थापनाच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. व्यक्तीजवळचे अव्यक्त ज्ञान व संस्थेतील व्यक्त ज्ञान यांचे परस्परांत रूपांतर होत राहिले की नवनिर्मिती घडते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होय. सामाजिकीकरण, बाह्यीकरण, संयोजन व आंतरिकीकरण हे या प्रक्रियेचे चार टप्पे सांगितले आहेत.

सिद्धांताचे बलस्थान :
ग्रंथातील मात्सुशिता कंपनीच्या पाव बनविण्याच्या यंत्राचे उदाहरण बोलके आहे. इकुको तानाका यांनी ओसाका येथील हॉटेलातील मुख्य पाव-कारागिराच्या हाताखाली काम करून, मळताना कणीक ओढून पिळण्याची त्याची लकब हेरली. अभियंत्यांनी ती यंत्रात उतरविली व १९८७ मध्ये ते यंत्र बाजारात आले. हाताचे कसब हेही संस्थेचे भांडवल असते, ही जाणीव या ग्रंथाने दिली.

मर्यादा :
मात्र हा विचार जपानी कंपन्यांतील दीर्घकालीन नोकरी गृहीत धरतो. सिल्वासा परिसरात करसवलतींमुळे उद्योग वाढले. पॉलिस्टर धाग्याचे टेक्स्चरायझिंग हा त्यांतील एक प्रमुख उद्योग. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या २००१ मधील २,२०,४९० वरून २०११ मध्ये ३,४३,७०९ झाली, तर अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर आले. बाहेरून येणाऱ्या मनुष्यबळाचा त्यात मोठा वाटा आहे.

टेक्स्चरायझिंगमध्ये हीटरचे तापमान वा धाग्याचा ताण किंचित बदलला, तरी रंगाईनंतर कापडावर पट्टे उमटतात. अनुभवी कारागीर असा दोष लवकर ओळखतो. तो कंत्राटी असेल व कंत्राट संपताच निघून गेला, तर पहिलाच टप्पा तुटतो. शिवाय आपले कसब उघड केल्याने त्याला काय मिळणार, या प्रश्नाला सिद्धांतात पुरेसे उत्तर नाही. अव्यक्त ज्ञान पूर्णपणे शब्दांत मांडता येते काय, हीही शंका उरते. मायकेल पोलानी यांनी १९६६ मध्येच अशी मर्यादा दाखविली होती.

निष्कर्ष :
यामुळे सदर सिद्धांत त्याज्य ठरत नाही. परंतु केवळ संगणकात माहिती साठविणे म्हणजे ज्ञान व्यवस्थापन नव्हे, हे स्पष्ट होते. कारागिराला स्थैर्य, त्याच्या भाषेत प्रशिक्षण आणि त्याने सुचविलेल्या सुधारणेच्या लाभात वाटा मिळाला, तरच हे चार टप्पे कारखान्यात उतरतील. अन्यथा कामगाराबरोबर ज्ञानही फाटकाबाहेर जाईल.