पळणारी मुलं आणि बिननावाची मुलं

मागच्या पोस्टनंतर एका मैत्रिणीने विचारलं, "जुने फोटो ओळखायला संगणकाला शिकवायचं, यात पीएचडी करण्यासारखं काय आहे?" दोन उदाहरणं देते.

पहिलं अमेरिकेतलं. नोव्हेंबर १९६५, आयोवा राज्यातलं हेझलटन. आमिश मुलांना सरकारी शाळेत न्यायला अधिकारी बस घेऊन आले आणि मुलं मक्याच्या शेताकडे पळाली. वृत्तपत्र छायाचित्रकार थॉमस डीफिओने तो क्षण टिपला. आमिश लोक फोटोसाठी उभं राहणं टाळतात. त्यात त्यांना गर्व दिसतो. पण याच फोटोने त्यांना सहानुभूती मिळवून दिली आणि १९६७ मध्ये आयोवाने शाळेच्या कायद्यात त्यांच्यासाठी सवलतीची सोय केली.

दुसरं उदाहरण आपल्याच रेल्वेलाइनवरचं, डहाणूचं. चर्च ऑफ द ब्रदरन हा १७०८ मध्ये जर्मनीत सुरू झालेला पंथ म्हणजे आमिश-मेनोनाइटांचा चुलत भाऊच. युद्धाला नकार, आणि त्या काळी साधा पोशाखही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे मिशनरी डहाणूत आले. शाळा काढल्या, दवाखाना काढला, फोटोही काढले. अशा मिशन-फोटोंचा साचा ठरलेला असतो: मुलं रांगेत, बाजूला गोरी शिक्षिका. खाली तिचं नाव. मुलांच्या वाट्याला फक्त 'बोर्डिंगची मुले'. पाहणारे देणगीदार सातासमुद्रापार.

आता गंमत बघा. माझा प्रोग्रॅम दोन्हींवर एकच शिक्का मारतो: 'मुलं, शाळा, ग्रामीण'. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. कॅमेरा कोणाच्या हातात होता, फोटो कोणासाठी होता, नाही म्हणायची सोय होती का, हे त्यात कुठेच येत नाही. हेझलटनची मुलं निदान पळू शकली. डहाणूच्या रांगेतल्या मुलाने कुठे पळायचं?

१९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आमिश पालकांचा मुलांना आठवीनंतर शाळेत न पाठवण्याचा हक्क मान्य केला. तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वेगळं मत नोंदवलं: मुलांनाही विचारायला हवं. फोटोंच्या नोंदी करताना आपण नेमकं हेच विसरतो.

म्हणून माझ्या डेटात मी दोन रकाने वाढवलेत: 'फोटो कोणासाठी' आणि 'नाव विचारलं का'. दुसरा बहुतेक रिकामाच राहतो. गाईड म्हणाले, रिकामा रकाना कशाला ठेवायचा? मी म्हटलं, सर, राहू दे. त्या मुलांची पणतवंडं डहाणूतच असतील. कधीतरी कोणी फोटो ओळखेल, तेव्हा नाव लिहायला जागा तरी हवी.