शस्त्रसज्जता, शांती आणि 'पाचेम इन तेर्रिस'

शांती हवी असेल तर युद्धाची तयारी ठेवा, हे वचन आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की ते कोणी आणि कोणत्या परिस्थितीत लिहिले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. सीमेवर तणाव वाढला की अग्रलेखांतून, सभांतून आणि मिस्सेनंतर चर्चच्या आवारात रंगणाऱ्या गप्पांतूनही ते ऐकू येते. ते उच्चारणारा व्यवहारी ठरतो आणि न मानणारा भाबडा. ख्रिस्ती माणसाची येथे विशेष कोंडी होते. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शांती घडवून आणणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. दुसरीकडे आपल्याच घरांतील मुले सैन्यात आणि नौदलात आहेत व त्यांच्यासाठी आपण मनोभावे प्रार्थना करतो. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? हा प्रश्न समोर ठेवून पोप जॉन तेविसावे यांचे 'पाचेम इन तेर्रिस' अर्थात 'पृथ्वीवर शांती' हे परिपत्रक पुन्हा वाचावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या वचनाविषयी. त्याचे मूळ व्हेजेशियस या रोमन लेखकाच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथात सापडते. हा ग्रंथ चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिला गेला. तोवर रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाले होते. व्हेजेशियसने सैनिकांच्या शपथेचे जे वर्णन केले आहे, त्यात देव, ख्रिस्त आणि पवित्र आत्मा यांची नावे येतात. म्हणजे हे वचन ख्रिस्ती साम्राज्याच्या छायेतच जन्मले. परंतु ते विजयाच्या शिखरावरून उच्चारलेले नाही. सैन्याची शिस्त ढासळत असल्याचे पाहून चिंतित झालेल्या लेखकाचा तो सल्ला आहे. इ. स. ४१० मध्ये रोम नगरी लुटली गेली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी एका जर्मन शस्त्रनिर्मात्याने या वचनाच्या उत्तरार्धातील लॅटिन शब्दांवरून आपल्या पिस्तुलाला व काडतुसाला 'पॅराबेलम' हे नाव दिले. वचनातील शांती गळाली आणि युद्धाची तयारी तेवढी बाजारात आली. हा योगायोग असेल. पण तो बोलका आहे.

आता परिपत्रकाकडे वळू. ते ११ एप्रिल १९६३ रोजी, पवित्र गुरुवारी प्रसिद्ध झाले. पोप जॉन तेव्हा दुर्धर आजाराने ग्रासलेले होते. अवघ्या आठ आठवड्यांत, ३ जून रोजी ते देवाघरी गेले. युद्ध त्यांना ग्रंथांतून ठाऊक झालेले नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी इटालियन सैन्याच्या वैद्यकीय पथकात आणि नंतर सैनिकांचे धर्मगुरू म्हणून सेवा केली होती. दुसऱ्या महायुद्धाची बहुतेक वर्षे ते पोपचे प्रतिनिधी म्हणून तुर्कस्तानात होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर उभे राहिले, तेव्हा २५ तारखेला व्हॅटिकन रेडिओवरून त्यांनी दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांना वाटाघाटींचे आवाहन केले. त्या अनुभवाची धग परिपत्रकात जाणवते.

कृती म्हणून या परिपत्रकाचे बळ त्याच्या मांडणीत आहे. पूर्वीची परिपत्रके ख्रिस्तसभेला उद्देशून असत. हे सद्भावनेच्या सर्व माणसांना उद्देशून आहे. त्याचा आरंभ शस्त्रांपासून होत नाही. आधी माणूस, त्याचे हक्क आणि कर्तव्ये. मग नागरिक आणि शासन. मग राष्ट्राराष्ट्रांतील संबंध. आणि अखेर सर्व जगाचा समाज. निःशस्त्रीकरणाचा विषय तिसऱ्या भागात येतो. हा क्रम हाच लेखकाचा युक्तिवाद आहे. सत्य, न्याय, प्रेम आणि स्वातंत्र्य हे चार खांब ज्या घराला नाहीत, त्याच्या दारावर कितीही पहारे बसविले तरी आत शांती नांदत नाही. शस्त्रांच्या समतोलातून खरी शांती निर्माण होत नाही, ती परस्पर विश्वासातूनच होते, हे परिपत्रकाचे मध्यवर्ती प्रतिपादन याच क्रमातून उलगडते.

मात्र भक्तिभावाने वाचताना टीकाबुद्धी बाजूला ठेवण्याचे कारण नाही. भारतीय वाचकाच्या मनात येथे एक आक्षेप उभा राहतोच. ज्या आठवड्यात क्यूबाचे संकट शिगेला पोहोचले, त्याच आठवड्यात, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनने लडाख आणि नेफा या दोन्ही आघाड्यांवर हल्ला चढविला. पुरेसे गरम कपडे नाहीत, जुन्या रायफली, रस्ते अपुरे, अशा स्थितीत आपले जवान त्या उंचीवर लढले आणि धारातीर्थी पडले. विश्वास तर आपण ठेवला होता. पंचशीलाच्या घोषणाही दिल्या होत्या. मग विश्वासाने काय साधले? ज्याच्या घरातील मुलगा त्या बर्फातून परतला नाही, त्याला केवळ परस्पर विश्वासाचा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. ज्याच्यावर अन्यायाने आक्रमण झाले, त्याने त्या क्षणी काय करावे, याविषयी हे परिपत्रक फारच थोडे बोलते. ही त्यातील उणीव आहे, असे आम्ही मानतो.

ती उणीव दोन वर्षांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने भरून काढली. आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या डिसेंबर १९६५ च्या दस्तऐवजात परिषदेने स्पष्ट केले, की युद्धाचा धोका कायम आहे आणि त्याला आवर घालणारी समर्थ जागतिक सत्ता अस्तित्वात नाही, तोवर शांततेचे सर्व मार्ग संपल्यावर स्वसंरक्षण करण्याचा शासनाचा हक्क नाकारता येत नाही. त्याच दस्तऐवजात शस्त्रस्पर्धा हा शांती राखण्याचा सुरक्षित मार्ग नव्हे आणि तिची झळ गरिबांना असह्यपणे पोहोचते, असेही बजावले आहे. सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या मुलाविषयी अपराधी वाटून घेण्याचे कारण म्हणूनच कोणत्याही आईबापांना नाही. तो पहारा देतो आहे. परंतु पहारा म्हणजे शांती, असे मात्र आपण समजू नये.

येथेच त्या जुन्या वचनाची मर्यादा उघड होते. शस्त्रांचा धाक हादेखील शेवटी विश्वासावरच उभा असतो. शत्रू आपल्या धमकीचा अर्थ नीट लावील, तो अविचार करणार नाही, दिलेला शब्द पाळील, असे गृहीत धरल्यावाचून धाक चालत नाही. १९१४ मध्ये युरोपातील मोठी राष्ट्रे पूर्ण सज्ज होती. सैन्य हलविण्याची रेल्वेची वेळापत्रकेसुद्धा तयार होती. आणि एकाने जमवाजमव सुरू करताच दुसऱ्याला थांबणे धोक्याचे वाटू लागले. सज्जता होती, विश्वास नव्हता. १९६२ मध्ये याउलट घडले. केनेडी आणि ख्रुश्चेव यांच्यात पत्रे गेली, आली. क्यूबावर आक्रमण करणार नाही असा शब्द अमेरिकेने दिला. तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे काढून घेण्याचा दुसरा शब्द गुप्तपणे दिला आणि तो १९६३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे परिपत्रकाच्याच महिन्यात, पाळला. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. खरा हल्ला इतक्या थोड्या क्षेपणास्त्रांनी होणार नाही, असा विचार करून स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तो इशारा खोटा ठरविला. समोरचाही विचार करणारा माणूस आहे, हे त्याने गृहीत धरले, म्हणून अनर्थ टळला.

कोणी युक्रेनचे उदाहरण देईल. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी दिलेल्या हमीवर त्या देशाने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडली. २०१४ मध्ये क्रिमिया गेला आणि २०२२ मध्ये देशावर सर्वंकष आक्रमण झाले. हे उदाहरण जड आहे, ते टाळता येत नाही. विश्वासाला राखणदार लागतो, हा त्याचा एक बोध. पण मोडलेल्या एका शब्दाने पुढील कितीतरी करार दुबळे होतात आणि प्रत्येक लहान राष्ट्राला शस्त्रांकडे ढकलतात, हा दुसरा बोधही तितकाच खरा आहे.

म्हणून आमचा निर्णय असा: ते वचन खोटे नाही, अर्धे आहे. युद्धाची तयारी वेळ मिळवून देते. त्या वेळेत काय करावयाचे, हे ते सांगत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात दहा हजारांचे सैन्य असलेला राजा वीस हजारांच्या सैन्याशी सामना होण्याआधी बसून विचार करतो आणि शत्रू दूर आहे तोवरच वकील पाठवून सलोख्याच्या अटी विचारतो. तो दृष्टान्त शिष्यत्वाची किंमत सांगण्यासाठी आहे, हे खरे. तरी त्यातील शहाणपण घेण्यासारखे आहे. डिसेंबर १९६४ मध्ये जागतिक युखरिस्त परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईस आले, तेव्हा त्यांनी याच अर्थाचे आवाहन केले: राष्ट्रांनी शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी गरिबांसाठीच्या जागतिक निधीत घालावा. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांचे दर्शन घेतले. त्यांच्या या मागणीची आठवण मात्र घरोघर तितकीशी राहिली नाही.

१९६८ पासून १ जानेवारी हा दिवस ख्रिस्तसभा जागतिक शांती दिन म्हणून पाळते. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला आणि १९९२ पासून त्या केंद्रांच्या याद्या ते दर १ जानेवारीला एकमेकांच्या हाती देऊ लागले. कारगिलमध्ये रक्त सांडले, त्यानंतरच्या १ जानेवारीलाही याद्या दिल्या गेल्या. जे लपविण्याची शिकवण युद्धशास्त्र देते, तेच शत्रूला लेखी कळविणे, हा विश्वासाचा अगदी लहान कोंब आहे. नववर्षाच्या मिस्सेत भाविकांच्या प्रार्थना होतील, तेव्हा सीमेवरील जवानांबरोबर त्या याद्या देणाऱ्या आणि घेणाऱ्या हातांसाठीही एक प्रार्थना असावी.